हुजूर पक्षाची एकुलती एक सभासद

गेल्या वर्षी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करत होते. त्यातला एक म्हातारा तिसरा पेला रिचवल्यावर जाहीर करतो, की आपण कॉन्झर्व्हेटिव्ह आहोत. वाक्य जेमतेम चार शब्दांचं. मी त्यावर अकरा दिवस घालवले.

मराठीत या माणसाला बसायला खुर्चीच नाही. ‘सनातनी’ म्हटलं की तो लगेच सोवळं नेसून उभा राहतो. ‘पुराणमतवादी’ म्हटलं की त्याच्या अंगाला कुबट वास येतो. ‘प्रतिगामी’ ही तर शिवी, आणि स्वतःला शिवी देऊन कोणी ओळख करून देत नाही. ‘परंपरावादी’ त्यातल्या त्यात बरा, पण तो व्याख्यानमालेतल्या पाहुण्यासारखा वाटतो. त्याच्या हातात पेला शोभत नाही. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांनी इंग्लंडातल्या दोन पक्षांचं बारसं केलं होतं: मजूर पक्ष आणि हुजूर पक्ष. यमक फक्कड जमलं. पण यमकाच्या भरात एक निकालही लागून गेला, की ज्याला काही जपायचं आहे तो हुजुरांचा माणूस.

मला हे लागतं, कारण मीही त्या म्हाताऱ्याच्याच पक्षातली. मत कुणाला देते ते मी नवऱ्यालाही सांगत नाही, तेव्हा तो विषय सोडा. माझ्या मागण्या साध्या आहेत. सभापतीनं सभापतीसारखं वागावं, मुलानं जेवताना मोबाइल खाली ठेवावा, लग्नातल्या गाण्यांना शब्द असावेत आणि गोल झाला की तो झाला असावा. हल्ली पंच कानाला हात लावून उभे राहतात, कुठल्याशा खोलीत पडदा तपासला जातो आणि चार मिनिटांनी निकाल येतो. कोर्टासारखी आता आनंदालाही तारीख पडते.

मी राहते पिंजौरला. नातेवाईक ‘चंदीगडला असते’ म्हणून मोकळे होतात. खरं तर हे हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यातलं गाव, चंदीगडपासून वीसेक किलोमीटर, कालक्याच्या अलीकडे. लोकांना ते माहीत असतं तिथल्या मोगल बागेमुळे. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या सुभेदारानं, फिदाई खानानं, ती वसवली. वेशीतून आत शिरलं की बाग पायरीपायरीनं खाली उतरत जाते, एकाखाली एक सात टप्पे. बागेची एक दंतकथा माझे सासरे, बाऊजी, प्रत्येक निवडणुकीत सांगतात. खानाचा जनाना राहायला आला तेव्हा डोंगरातल्या राजांनी फळांच्या टोपल्या भेट पाठवल्या, पण पाठवल्या गलगंड झालेल्या बायकांच्या हाती. बेगमांनी घाबरून विचारलं, हे काय? उत्तर मिळालं, इथल्या पाण्यानं सगळ्यांनाच होतं. खानाला मुक्काम हलवावा लागला. “देखो जी,” बाऊजी म्हणतात, “ना तलवार, ना तोप. बस एक अफवाह.”

बाऊजी एचएमटीच्या ट्रॅक्टर कारखान्यातून निवृत्त झाले. १९७१मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रज्ञानावर सुरू झालेला तो कारखाना २०१६मध्ये बंद झाला. मनगटावर अजून एचएमटीचं घड्याळ आहे, रोज सकाळी चावी द्यावी लागणारं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. दुरुस्त का करत नाही विचारलं तर म्हणतात, कंपनी गेली, घड्याळ चालतंय, अजून काय पाहिजे?

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आमच्या दोघांत एक खेळ चाले. मी त्यांना ‘आया राम, गया राम’वरून चिडवायची. १९६७मध्ये हरियाणाच्या गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाच्या राजकारणाला वाक्प्रचार दिला. त्यावर तोड म्हणून १९८५मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला. मी महाराष्ट्रीय तोऱ्यात सांगायची, आमच्याकडे असलं नसतं. मग २०२२चा जून उजाडला, पुढच्या वर्षीचा जुलैही उजाडला. आमच्याकडे माणसं पक्ष सोडून गेली नाहीत. पक्षच नाव आणि चिन्हासकट उचलून नेले. त्या संध्याकाळी बाऊजी बाजारातून गरम जिलेबी घेऊन आले. पुडा माझ्या हातात देत म्हणाले, “आओ बेटा, स्वागत है.” मी काय बोलणार? जिलेबी चांगली होती.

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला या कशाचं नवल वाटत नाही. तो फुटबॉलवेडा आहे आणि त्याचा देव रोनाल्डो. देव युव्हेंटसमध्ये होता तेव्हा घरात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आला. देव मँचेस्टरला परतला तेव्हा लाल आला. देव सौदी अरेबियाला गेला आणि शर्ट पिवळा झाला. मी म्हटलं, अरे, तुझा संघ कुठला? तो म्हणाला, “मम्मा, टीम नहीं, प्लेयर.” मी गप्प बसले. आमच्या विधानसभांचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास त्यानं तीन शब्दांत सांगितला होता.

मला टीम जन्मतः मिळाली होती, आडनावासारखी. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडचा फुटबॉल तालमींचा आहे. जिथे मल्ल घुमायचे त्याच तालमींच्या नावानं संघ उतरतात – पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. आमच्या पेठेचं श्री शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्ल्या ओस पडतात. विश्वचषक कतारमध्ये का असेना, फलक आमच्या चौकात लागतात, अर्धे ब्राझीलचे, अर्धे अर्जेंटिनाचे. खेळाडू पैशासाठी या तालमीतून त्या तालमीत जातात, एके काळी आफ्रिकेतूनही यायचे. प्रेक्षक मात्र हलत नाही. पेठ बदलून माणूस दुसरीकडे राहायला गेला तरी त्याची टीम जुन्या पत्त्यावर राहते.

आमचे आबा एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आयुष्यभर डावे. शेतकरी कामगार पक्षाच्या खटाऱ्यावर शिक्का मारत आले. पक्ष कोल्हापुरात ओसरत गेला तरी मारत राहिले. एन. डी. पाटील शेवटपर्यंत एका पक्षात राहिले, आबाही राहिले. शहरातल्या टोलविरोधी प्रत्येक मोर्चात ते होते. मला सायकलच्या दांड्यावर बसवून ते सामन्याला न्यायचे. खारे शेंगदाणे, धूळ, आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार. माझा निम्मा शब्दसंग्रह तिथला आहे. अनुवादात तो वापरता येत नाही, ही माझी व्यावसायिक खंत.

मी बारा वर्षांची झाले आणि एका रविवारी सायकल माझ्याशिवाय निघाली. “आता मोठी झालीस,” एवढंच आबा म्हणाले. भांडण नाही, रडारड नाही. भिंतीवर मार्क्सची तसबीर होती. तीही काही बोलली नाही. त्यानंतर मी सामने गच्चीवरून ऐकले. मैदान दिसत नसे, पण आवाज येई. हुकलेल्या फटक्याचा आवाज वर चढतो आणि मध्येच फुटतो. गोलाचा फुटत नाही, पसरतो. आणि तो आपला असेल तर मागोमाग गल्लीतून फटाक्यांची माळ वाजते. सहा-सात वर्षं मी असा फुटबॉल पाहिला, म्हणजे ऐकला.

पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. करायला जादवपूर विद्यापीठात गेले आणि कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोठी झाल्यावरही सामना बघता येतो हे कळलं. वसतिगृहातल्या मैत्रिणी एकजात लाल झेंड्याच्या, आणि निम्म्या मोहन बागानच्या. १९११मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवलं, ही गोष्ट त्या पोथीसारखी सांगत. २०२०मध्ये हा १८८९चा क्लब एका नव्या कंपनी-क्लबात मिसळला आणि नावाआधी ‘एटीके’ लागलं. जगातली प्रत्येक मालमत्ता ज्यांना वाटून टाकायची होती, त्या माझ्या मैत्रिणींना ती तीन अक्षरं सहन झाली नाहीत. चाहते तीन वर्षं ओरडत राहिले आणि २०२३मध्ये अक्षरं गेली. एप्रिल २०२१मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपापसांतली बंदिस्त लीग काढली तेव्हाही हेच. चेल्सीच्या मैदानाबाहेर साधी माणसं रस्त्यावर उतरली आणि तीन दिवसांत तो डाव मोडला. हे सगळे कुठल्या पक्षाचे? विचारलं असतं तर अर्ध्यांनी मजूर पक्षाचे म्हणून सांगितलं असतं. वागत होते हुजूर पक्षासारखे.

कोलकात्यातच एका हरियाणवी इंजिनिअरशी ओळख झाली आणि २००४मध्ये लग्न. आता खरी गंमत. सगळ्यांची अपेक्षा होती की कैथलकडची, डोक्यावर पदर घेणारी माझी सासू आकांडतांडव करील आणि कोल्हापूरचे पुरोगामी आबा हार घेऊन उभे राहतील. सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले: दूध तापवता येतं का, आणि माहेरी कोण कोण आहे. माझं गोत्र पिंजौरमध्ये कोणालाच माहीत नसल्यामुळे ते निर्दोष ठरलं. आबा मात्र वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. कारण विचारलं की म्हणत, “लांब हाय गं फार.” ते किलोमीटरबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

इथल्या गाण्याबजावण्यावर मी खूप नाकं मुरडली आहेत. बंदुका, गाड्या आणि मोठ्या आवाजातलं दुःख. दिलजीत दोसांझबद्दल मात्र माझं मत मऊ आहे. २०२३मध्ये तो अमेरिकेतल्या कोचेलाच्या मंचावर उभा राहिला तो पगडी-तहमत घालून, आणि गायला पंजाबीतच. माझ्या पक्षाला याहून चांगला प्रचारक मिळायचा नाही. तर अशाच एका पंचकुल्याच्या लग्नात डीजेनं ‘झिंगाट’ लावलं, ‘धडक’मधलं हिंदी. दोनशे हरियाणवी पाहुणे बेभान नाचत होते. सासूबाईही टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांच्या कानात म्हटलं, हे मूळ आमचं गाणं. त्या म्हणाल्या, मग तो पिक्चर मला दाखव.

दाखवला. दिवाणखान्यात लॅपटॉपवर ‘सैराट’ लावला आणि मी शेजारी बसून तोंडी भाषांतर करत गेले. पहिला तास त्या हसल्या. आर्ची ट्रॅक्टर चालवते तिथे बाऊजींना हाक मारून बोलावलं. तिथून बाऊजी उठलेच नाहीत. शेवटच्या प्रसंगात आवाज नाहीसा होतो. भाषांतर करायला काही उरत नाही. ते लहान मूल दारातून बाहेर निघालं आणि मी पडद्याकडे बघत नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या, “ये तो अपने यहाँ की बात है.”

होतीच. २००७मध्ये कैथल जिल्ह्यातल्या मनोज आणि बबलीनं एका गोत्रात लग्न केलं म्हणून त्यांना मारून टाकण्यात आलं. २०१०मध्ये कर्नालच्या न्यायालयानं पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयानं ती पुढे कमी केली. मारणारे बबलीच्या घरातले होते. प्रत्येक जण सांगत होता की आपण परंपरा राखतो आहोत. सासूबाईंचं माहेर तिथून फार लांब नाही. त्या रात्री त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्या एका मैत्रिणीबद्दल होतं आणि ते मी इथे लिहिणार नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि दूध तापवायला गेल्या.

जपण्याच्या गप्पा मारणाऱ्या कोणालाही या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. मी बरेच दिवस ते चुकवत होते. मला हुजूर पक्षाचं सभासदत्व परवडतं, कारण मी वाचले. माझं गोत्र कोणाला माहीत नव्हतं आणि माझी सासू वाटली होती त्याहून मोठी निघाली. सायकल माझ्याशिवाय निघाली होती तीही परंपराच. माझ्या टीमवर माझं प्रेम आहे, आणि त्या मैदानानं मला बाराव्या वर्षी बाहेर काढलं. दोन्ही खरं.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आबांचा फोन आला. वेळ त्यांची नव्हती. “नाट्यगृह जळतंय गं,” एवढं बोलून ते थांबले. केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५चं पॅलेस थिएटर. शेजारी खासबागचं कुस्ती मैदान. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. आई गेली तेव्हा मी आबांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या रात्री फोनवर ऐकलं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, “होतं तसंच बांधाय पायजे. एक खांब हिकडचा तिकडं नको.”

“आबा, तुम्ही हुजूर पक्षात आलासा.”

“खड्ड्यात गेला तुझा हुजूर. महाराजांनी सगळ्यांसाठी बांधलंय ते. सगळ्यांसाठी असंल त्येच राखायचं असतंय.” मग नेहमीसारखं, “जेवलीस काय?”

“जेवलो,” मी म्हटलं. कोल्हापूरच्या आम्ही पोरी ‘आलो, गेलो, जेवलो’ म्हणतो. वीस वर्षं प्रमाण मराठीत अनुवाद करतेय, पण आबांशी बोलताना ‘जेवले’ तोंडात येत नाही. काही गोष्टी राखायला कष्ट पडत नाहीत.

ते वाक्य डोक्यात राहिलं. ज्या महाराजांनी २६ जुलै १९०२ला आपल्या संस्थानातल्या पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्यांनीच हे नाट्यगृह बांधलं. जाहीरनामा निघाला तेव्हा किती जणांना धर्म बुडाल्यासारखं वाटलं असेल. आज ती आमच्या गावची परंपरा आहे. कोल्हापुरात परंपरा पाळायची तर आधी सुधारक व्हावं लागतं. इतकी गैरसोय बाकी कुठल्या गावानं आपल्या सनातन्यांची केली नसेल.

आणि तिथेच मला माझा शब्द सापडला. आजोळी कागलकडे आजी जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसायची, हातात गोफण घेऊन. मी तिच्याबरोबर जायची. पाखरं हाकलणं मजेचं काम, पण त्याच्या कितीतरी आधी तीच आजी उन्हात वाकून भांगलण करत असे. मला कंटाळा यायचा. एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाली, “भांगललं न्हाई तर राखायचं काय, तण?” राखणदाराला पिकात आणि तणात फरक कळावा लागतो, आणि तो वाकल्याशिवाय कळत नाही. कैथलच्या त्या माणसांनी तणाची राखण केली होती. आबांनी एका रविवारी तेच केलं, जरा सभ्यपणे.

कादंबरीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी मी घातलं: “मी राखणीतला माणूस आहे.” संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं. मी त्यांना दोन पानांचं पत्र लिहिलं. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडलं. पटलं म्हणून की पत्र पुन्हा येऊ नये म्हणून, कल्पना नाही.

आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघे गेले, स्टेडियमच्या पायऱ्या बंद झाल्या. सामना असला की घरातच खिडकीशी बसतात. मी पिंजौरला स्वयंपाकघरात मोबाइल पाण्याच्या पिंपाला टेकवून थेट प्रक्षेपण लावते आणि दुसऱ्या फोनवर आबा. मुलगा येताजाता विचारतो, यात रोनाल्डो कोण? प्रक्षेपण माझ्याकडे जरा उशिरा पोचतं. गेल्या मोसमात शिवाजीचा सामना बरोबरीत अडकला होता, शेवटची पाचेक मिनिटं. माझ्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता आणि फोनमधून, आबांच्या खिडकीतून, तो आवाज आला. मध्ये फुटला नाही, पसरत गेला.

“ऐकलंस?” आबा म्हणाले.

“थांबा,” मी म्हटलं. पडद्यावर चेंडू अजून कोणाच्या पायातही नव्हता. गल्लीत माळ वाजते का, ते मी ऐकत होते.